पुढून चार बोटं खाली

चौसाळ्याला हायवेच्या कडेला माझं गॅरेज होतं. पत्र्याचं शेड, पुढे एक कडुनिंब, आणि पाटीवर पेंटरने आपल्या मनाने लिहिलेलं, 'सर्व प्रकारच्या गाड्या दुरुस्त होतील'. मी त्याला फक्त जीप आणि ट्रॅक्टर एवढंच सांगितलं होतं. पण 'सर्व प्रकारच्या' हे वाचून मला गुदगुल्या झाल्या आणि मी ते पुसायला लावलं नाही. गाव म्हणालं, पोरगं धंद्यात पुढं जाणार. मीही तसंच समजत होतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात, तो रंग त्या काळात माझ्या अंगावर चांगलाच चढलेला होता.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या किराणा. मी गल्ला सोडून पाने हातात घेतले तेव्हा वडील रागावले नाहीत, फक्त एवढंच म्हणाले, "दुकानात जिन्नस नसला तर उद्या या म्हनता येतंय. मिस्तरी अडला की साऱ्या गावाला दिसतंय." ते वाक्य मला लागलं. मग मी ठरवूनच टाकलं की आपण अडलोय हे कुणाला दिसू द्यायचं नाही. न अडण्याचं मात्र काही ठरवलं नाही. ते आपल्या हातात नसतं, हे कळायला माझी फार वर्षं गेली.

नव्वदीची मधली वर्षं होती. बीडला नव्या गाड्यांची शोरूम निघाली होती, गावात केबल आली होती, आणि ज्याला त्याला नवीकोरी वस्तू हवी होती. अशा वेळी परळीच्या शाळेतून निवृत्त होऊन गावी परतलेल्या एका भूगोलाच्या मास्तरांनी औरंगाबादहून जुनी व्हॅन आणली. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. कोणी एक परदेशी जोडपं ती गाडी जमिनीच्या रस्त्याने थेट भारतात घेऊन आलं होतं आणि इथेच विकून विमानाने परत गेलं होतं. त्यानंतर ती चार-पाच हातांतून फिरली. इंजिन मागे, तोंड गोल, आत घडी घालायचा पलंग, एवढंसं बेसिन आणि खिडक्यांना पडदे. अख्खा गाव बघायला आला. कुणी विचारलं, "सर, घराला चाकं लावलीत का?" सर हसले. त्यांनी तीस वर्षं नकाशावर छडी ठेवून नद्या, घाट आणि बंदरं शिकवली होती, आणि स्वतः सोलापूरच्या पलीकडे क्वचितच गेले होते. आता त्यांना बायकोला घेऊन हिंडायचं होतं. गाडी चालवायला ते साठीत शिकले, आणि बरी शिकले.

अडचण काकूंची होती, म्हणजे सरांच्या पत्नीची. त्यांचे दोन्ही गुडघे धरलेले होते. यष्टीत चढताना मागून कुणीतरी ढकलायचं आणि वरून कंडक्टर दंड धरून ओढायचा. परक्या माणसाने दंडाला धरलेलं त्यांना सहन व्हायचं नाही. त्यांचं माहेर युसूफ वडगाव, पण या एका कारणाने त्या दोन वर्षांत माहेरी गेल्या नव्हत्या. भाऊ थकलेला होता, तोही येऊ शकत नव्हता. आणि या व्हॅनची पुढची सीट नेमकी चाकाच्या वर. पायरी इतकी उंच की धडधाकट माणसालाही टांग टाकावी लागे. मागे पलंगावर बसा म्हटलं तर काकू म्हणाल्या, "मागं बसून काय बगू? मला रस्ता बगायचाय."

सर मोठे पद्धतशीर माणूस. त्यांनी घरी भिंतीशी काकूंना उभं केलं, जमेल तेवढा पाय उचलायला सांगितला आणि तिथे खडूने रेघ मारली. मग ते माप सुतळीवर घेऊन गॅरेजला आले आणि पायरीला लावलं. फरक चार बोटांचा निघाला.

"पुढून चार बोटं खाली आली पाहिजे," सर म्हणाले. "होईल का?"

काकू रिक्षात बसून होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, "पायाखाली एक लाकडाचा ठोकळा ठेवला तर न्हाई का जमायचं?"

आम्ही दोघे पुरुष हसलो. मी म्हणालो, "काकू, एवढी गाडी घेतली आनि ठोकळ्यावर चढताव व्हय? दोन दिसांत खाली आनून देतो." त्या गाडीखाली मी तोवर एकदाही डोकावलेलो नव्हतो.

डोकावलो तेव्हा ओळखीचं काहीच दिसेना. आमच्याकडच्या प्रत्येक गाडीला खाली वजन पेलणारी कमान असते, लोखंडी पाट्यावर पाटा रचलेली. आमचं सगळं शास्त्र त्या पाट्यांत. वीस माणसं कोंबून जीप खाली दबायला लागली की एक पाटा टाका. मोकळी चालून उसळायला लागली की एक पाटा काढा. हायवेवरच्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा, हेच सांगेल. इथे मात्र कमानच नव्हती. पुढे दोन लोखंडी नळ्या आडव्या होत्या आणि त्यांच्या टोकांना चाकं धरणारे हात. दोन दिवस मी त्या गाडीभोवती नुसत्या प्रदक्षिणा घातल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला "काम चालू हाय" म्हणून सांगत होतो.

तिसऱ्या दिवशी एका बाजूचा हात खोलला आणि नळीच्या आत पातळ पट्ट्यांची जुडी दिसली. माझा जीव भांड्यात पडला. पाटेच की! नळीत घातले म्हणून काय झालं, पाटे ते पाटे. मी आमच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही नळ्यांतल्या काही पट्ट्या काढल्या, मोकळ्या झालेल्या जागी टोकांना जुन्या कमानीच्या पाट्याचे तुकडे पाचरीसारखे ठोकले आणि सगळं परत बसवलं. आमच्या कमानीचा पाटा वाकतो. ही जुडी मात्र ओलं धोतर पिळावं तशी पिळली जाते आणि त्या पिळावर गाडीचं पुढचं सगळं वजन असतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी मागचं काही हलवलं नाही, कारण मागून कुणी चढणार नव्हतं. त्यामुळे गाडीने मान खाली घातली. तिच्या पुढच्या चाकांची जी मूळची तिरपी बैठक असते, जिच्यामुळे वळण संपलं की स्टिअरिंग आपोआप सरळ होतं, ती बैठकच मी मोडली होती. पण सुतळी लावून पाहिलं तर बरोबर चार बोटं. मिस्त्रीला आणखी काय पाहिजे?

सर काकूंना घेऊन आले. काकूंनी एक पाय पायरीवर ठेवला, दांडी धरली आणि कुणाचाही हात न लागता वर गेल्या. सीटवर बसल्या, पदर सारखा केला, समोरच्या काचेतून बघितलं आणि म्हणाल्या, "बसले की." सर तोंड फिरवून कडुनिंबाकडे बघत राहिले. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. तो अभिमान मला अजून जसाच्या तसा आठवतो आणि आठवला की लाज वाटते.

आठवड्याने सर आले. म्हणाले, "गाडी रस्त्यावर भटकते रे. सरळ धरली तरी इकडे-तिकडे जाते."

मी गाडी चालवून बघायला हवी होती. ते सोडून मी विचारलं, "सर, तुमी स्टिअरिंग लई घट्ट धरता का?"

"धरत असेन."

"तेच की. हात ढिला ठेवा."

तरी त्यांच्या समाधानासाठी मी स्टिअरिंगच्या पेटीचा स्क्रू आवळला. ढिलेपणा गेला, पण ते जड झालं. चार दिवसांनी सर परत. "वळवलेलं मागं येत नाही. आणि खड्डा आला की एकाएकी बाजूला ओढते."

"जुनी गाडी हाय सर. वळवल्यावर तुमीच मागं आनायचं. आनि खड्डा आला की तुमी बिचकताव. हात बसला न्हाई अजून तुमचा."

खरं म्हणजे मला तेव्हा थोडा संशय आला होता. पण गाडी परत उंच करायची म्हणजे काकूंना परत खाली उतरवायचं, आणि गावासमोर कबूल करायचं की मिस्त्री अडला. माझी जीभ उचलली नाही. हात बसला नाही हे वाक्य किती सोयीचं होतं! साठीत शिकलेल्या माणसाला ते पटणारच. सर विद्यार्थ्यासारखी मान हलवून गेले.

नंतर मी रोज सकाळी एक गोष्ट बघायचो. सर गॅरेजच्या खालच्या अंगाला असलेल्या बाजारतळावर दगड मांडायचे, दहा-बारा, ठरावीक अंतराने. मग त्या दगडांमधून व्हॅन नागमोडी काढायचे. एखादा दगड चाकाखाली आला की उतरायचे, तो परत जागेवर ठेवायचे आणि पहिल्यापासून सुरू. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेला माणूस, एकही दिवस न चुकवता, माझ्या चुकीचा सराव करत होता. मी गॅरेजच्या दारात चहा पीत उभा राहायचो. एकदा तर मी वरून ओरडून सल्लाही दिला. उंटावरून शेळ्या हाकणं यालाच म्हणत असतील.

महिन्याभराने ते दोघे युसूफ वडगावला निघाले. काकूंनी भावासाठी काय काय डबे भरले होते. गॅरेजपाशी गाडी थांबवून सरांनी हवा बघायला लावली. काकू पुढे बसल्या होत्या, मला म्हणाल्या, "येताना तुला वडगावचा पेढा आनते." मी चाकाला लाथ मारून म्हणालो, "फर्स्ट क्लास."

दुपारी एका जीपवाल्याने निरोप आणला. मांजरसुंब्याहून केजकडे वळल्यावर, नेकनूरच्या पुढे एका वळणावर व्हॅन ज्वारीत गेली होती. माणसं ठीक होती. काकूंच्या बांगड्या फुटून मनगट कापलं होतं, एवढंच. मी पोहोचलो तेव्हा ते दोघे परतीच्या यष्टीने निघूनही गेले होते. काकूंना यष्टीत चढवायला चार बायका लागल्या, असं शेतवाल्याने सांगितलं. व्हॅन शेतात ज्वारीची पाच-पन्नास ताटं आडवी करून उभी होती, तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. ट्रॅक्टर लावून ती रस्त्यावर काढली आणि मी चालवत निघालो. त्या गाडीत मी तेव्हा पहिल्यांदा रस्त्याला लागलो. तोवर फक्त शेडच्या आत-बाहेर केली होती.

फर्लांगभरातच मला कळलं. पहिलं वळण घेतलं आणि सवयीने हात सैल सोडला, तर स्टिअरिंग होतं तिथेच राहिलं. गाडी वळतच राहिली. मी ते खेचून सरळ केलं तर ती दुसऱ्या बाजूला निघाली. एका खड्ड्यात पुढचा भाग दाणकन तळाला बसला आणि चाकं आपल्या मनाने डावीकडे तोंड करून पळाली. मी, पंधरा वर्षं गाड्या हाकलेला माणूस, ती बाजूला उभी करून दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. या गाडीला सरांनी महिनाभर सांभाळलं होतं, घाटात, बाजारात, दगडांमधून. त्यांचा हात कच्चा असता तर ती पहिल्याच दिवशी पालथी झाली असती. त्या गाडीवर माझ्यापेक्षा सरांचा हात चांगला बसलेला होता.

त्यानंतरचे आठ दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. पुढच्या नळ्या परत खोलल्या, पाचरी काढल्या, पट्ट्या मोजून मूळच्या जागी घातल्या. पुढून फार थोडी खाली ठेवता येईल असा हिशोब नव्याने मांडला आणि तेवढीच मागूनही खाली घेतली, म्हणजे तिची मान सरळ झाली. मागे पीळ देणाऱ्या दांड्याला दाते असतात. एक दाता सरकवायला दोन दिवस गेले, कारण दोन्ही बाजू सारख्या यायला पाहिजेत. चाकांची तिरपी बैठक परत आणायला खालच्या नळीमागे पातळ पत्रे घातले. खड्ड्यांचे झटके झेलणारे दांडे बदलले. मीच आवळलेला पेटीचा स्क्रू सोडला. सुतळी ताणून आणि टायरवर खडूच्या खुणा करून पुढची चाकं समांतर केली. चढताना अजून दोन बोटं कमी पडत होती, तिथे दाराखाली लोखंडी पायरी वेल्ड केली. तेवढ्याने काम भागलं. काकूंनी सांगितलेला ठोकळा तो हाच, फक्त लोखंडाचा.

मग मी ती चालवली, मांजरसुंब्यापर्यंत आणि परत. वळण संपलं की स्टिअरिंग पाळीव जनावरासारखं सरळ यायचं. अशी गाडी मी त्याआधी आणि त्यानंतरही कधी केली नाही. हे कौतुक कुणाला सांगायची सोय नव्हती.

मी ती सरांच्या दारात नेऊन उभी केली. सर ओट्यावर बसले होते. त्यांनी उठून गाडीकडे पाहिलं, पण जवळ आले नाहीत.

"काय सापडलं?" त्यांनी विचारलं.

रस्ताभर मी वाक्य जुळवत आलो होतो. सर, चूक माझी होती. तेवढंच तर म्हणायचं होतं. पण शेजारचे दोघे-तिघे गाडी बघायला जमले होते, आणि त्यांतला एक हसून म्हणाला, "सापडायचं काय त्यात, सर अजून नवे हायेत." आणि मी म्हणालो, "विशेष काही न्हाई सर. ग्रीसचं काम व्हतं थोडं. पायरी लावून दिलीया."

"म्हणजे गाडी ठीक होती."

मी किल्ली पुढे केली.

"म्हणजे माझाच हात," सर म्हणाले. त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे एकदा पाहिलं आणि किल्ली माझ्याकडून घेऊन खिशात टाकली.

त्यांनी ती पुन्हा चालवली नाही. सकाळी बाजारतळावर येणं बंद झालं. मी दोनदा म्हणालो, "सर, आता काढा की गाडी, मी संगं बसतो." ते म्हणाले, "नको रे बाबा, प्रत्येकाला सगळं जमत नाही." दिवाळीनंतर परळीच्या एका व्यापाऱ्याने ती नेली. सगळी जुळवाजुळव त्याच्या उपयोगी पडली. काकू माहेरी गेल्या त्या एकदाच, भाऊ वारल्यावर, भाड्याच्या जीपने.

मी म्हणायचो, आज सांगू, उद्या सांगू. सर रस्त्यात भेटायचे, माझी चौकशी करायचे. त्यांना माझा राग नव्हता, तेच अवघड जायचं. राग असता तर भांडणात तरी बोलून गेलो असतो. पुढे हायवे रुंद झाला, माझं शेड त्यात गेलं आणि मी वडिलांच्या दुकानात बसू लागलो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ झाकलेलीच राहिली आणि तिचं ओझं मला दर वर्षी थोडं जास्त वाटायला लागलं.

सर गेल्याचं कळलं तेव्हा मी तिसऱ्या दिवसानंतर भेटायला गेलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय लांब केलेले. बाकीची माणसं उठून गेली. आम्ही दोघेच उरलो. आणि इतक्या वर्षांत जे सरांच्या तोंडावर बोललो नव्हतो, ते सगळं मी काकूंना सांगितलं. पट्ट्या, पाचरी, स्क्रू, ज्वारीतून परत येताना जे कळलं ते, आणि ओट्यापाशी जे बोललो नाही ते. रडलोही.

काकूंनी मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "गाडी परत आनून दिली तवा तुला म्हाईत व्हतं?"

"व्हतं, काकू."

मग त्या सांगू लागल्या, माझ्याकडे न बघता.

"त्या दिवशी यष्टीत मी त्यांना एकच बोलले. हातातून रगत गळत व्हतं, चार बायकांनी मला बोचक्यासारखं वर चढवलेलं. मी म्हनले, तुमच्या हातात जीव देऊन मी आता कुटं यायची न्हाई. येवढंच. राग गेल्यावर मी लई डाव म्हनले, इसरा ते, काढा गाडी, मी बसते. तर म्हनायचे, न्हाई, तू खरं तेच बोललीस. शेवटच्या दुखन्यात मी पानी पाजाया गेले तर म्हनले, तू धर, माझ्या हाताचा भरवसा न्हाई."

मी मान खाली घातली.

"तवापासनं मी मनाला समजावत आले," काकू म्हणाल्या, "की बोललं ते वाईट, पर खोटं तर न्हाई बोललं. येवढ्यावरच तर मी राहिले. आता तू सांगायलास की ते खोटं व्हतं." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "ते व्हते तवर न्हाई सांगितलं. मंग आज कावून सांगितलं, बाबा?"

मला मोकळं व्हायचं होतं म्हणून. खरं उत्तर एवढंच होतं, आणि ते त्यांच्यासमोर तोंडातून काढण्याइतका निर्लज्ज मी नव्हतो. दुखवट्याच्या घरातून निघताना येतो म्हणत नाहीत. मी तसाच उठलो आणि बाहेर पडलो. काकू भिंतीला टेकून तशाच बसल्या होत्या, आणि आता मनाला समजावायला त्यांच्यापाशी काही उरलं नव्हतं.